चौघांची जाळी

भवानीनगर, माघातला मंगळवार

श्री. माऊलीराव यांस भवानीनगरच्या दाजींचा रामराम. इकडे आम्ही उभयतां खुशाल आहोत, गव्हाला ओंब्या लागल्या आहेत, आणि माझा खोकला महिनाभर पाहुणचार घेऊन परत गेला. तुमचा डावा गुडघा आणि वहिनींची साखर कशी आहे ते कळवावे. पत्र पाहून दचकू नका. फोन असताना पत्र का, तर फोनवर आपलं बोलणं ‘बरं आहे ना, थांबा, सारजाला देतो’ याच्या पुढे सहा वर्षांत गेलेलं नाही.

तर सहा वर्षं तुमची बहीण दर हिवाळ्यात तुम्हाला बोलावते, की दादा, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आलेत, या, होडीतून बघू, काठावर भाकरी खाऊ. आणि सहा वर्षं तुम्ही सांगता, ‘तिकडं चिलटं लई, मला सोसत न्हाय.’ मी हे कारण या कानाने ऐकून त्या कानाने सोडत होतो. सारजाने मात्र ते मनावर घेतलं. यंदा संक्रांतीला तिने जाहीर केलं, की आधी चिलटांचा बंदोबस्त, मग दादाला सबब राहत नाही. ती एकदा बोलली की बोलली, हे तुम्हाला मी काय सांगणार? (मी तिला पुरता ओळखतो असा माझाही समज होता.)

बारामतीत सहलीच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथं माणसांनी आत बसायचे जाळीचे तंबू मिळतात हे मला या वयात कळलं, आणि मी मनातल्या मनात हात जोडले. एक तंबू पिशवीतून काढताच फडकन आपोआप उभा राहिला. केवढी ही कला! पण तो मिटवायला दुकानातली दिपाली नावाची मुलगी, दोन गिऱ्हाइकं आणि मी असे चौघे लागलो, आणि मिटला तेव्हा माझा चष्मा आत होता. दुसरा झाडाला टांगायचा. पण आपल्याकडे पाण्याच्या काठाला झाड म्हणजे वेडी बाभूळ, तिच्या काट्यांनी पहिल्याच दिवशी जाळीची चाळण केली असती. मी आपला भारावून दोन्ही घेऊ म्हणत होतो. तेवढ्यात सारजाने पदराची गाठ सोडली आणि चिमूटभर खसखस काढली. (ती घरूनच बांधून आणली होती!) दिपालीला म्हणाली, ‘बाय, ही जाळीवर टाकती. खसखस गळली की चिलाट बी शिरंल.’ पहिल्या जाळीतून गळली, दुसरीतूनही गळली. घरच्या मच्छरदाणीत डास येत नाहीत आणि चिलटं मात्र येतात, याचा उलगडा मला चाळीस वर्षांनी दुकानात उभ्याउभ्या झाला. तिसऱ्या जाळीवर खसखस तशीच बसून राहिली. मी कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढली, पण इतकी सोपी आणि बिनचूक परीक्षा पाहिली नव्हती.

त्या जाळीत दोन आकार होते, दोघांचा आणि चौघांचा. दोघांची होडीत न्यायला हलकी, गाडीच्या डिकीतही पडून राहणारी, म्हणून मी तीच धरून बसलो. सारजा म्हणाली, ‘आन दादा-वहिनी काय भायेर बसत्याल?’ चौघांची घेतली.

गेल्या रविवारी रंगीत तालीम केली. कुंभारगावच्या बाजूला गेणबाची होडी ठरवली. जाळी पलीकडच्या काठावर उभी करायची होती, पण मला कुठला दम निघतो? मी ती होडीतच उभी केली. गेणबा म्हणाला, ‘तात्या, ह्ये नगा करू, वारं हाय.’ जाळीत कसलं वारं भरतंय, म्हणून मी त्याला हसलो. (ही माझी पहिली चूक. दुसरी खाली येईल.) इतकी बारीक जाळी वारं कसं धरते ते मग आम्ही तिघांनीही पाहिलं. होडी वल्ह्याला जुमानेना, आम्ही थेट पक्ष्यांच्या थव्यात निघालो, आणि ते उडाले. माऊलीराव, कसं सांगू तुम्हाला? लांबून पाण्यावर नुसते पांढरे ठिपके दिसत होते, पंख उघडले आणि आतून गुलाल निघाला. हजारभर तरी असतील. सगळं आभाळच उठून चाललं होतं. गेणबाने वल्हं मांडीवर ठेवलं. (नंतर मला चांगला रागावला, पाखरांना असं उठवायचं नसतं म्हणून, आणि ते बरोबरच.) माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज नाही. सारजा वर बघत एवढंच म्हणाली, ‘दादानं बघाय पायजे हुतं.’

संध्याकाळी काठावर गाडीशेजारी जाळी नीट उभी केली, कडांवर दगड ठेवले. चिलटं ढगासारखी आली, बाहेरून जाळी काळी केली, आत एक नाही. मी त्यांच्याकडे बघत राजासारखी भाकरी खाल्ली. फक्त वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला सारजा ‘या, च्या घ्या’ म्हणून चेन उघडत होती, त्यामुळे सातव्या पाहुण्यापर्यंत आत-बाहेर सारखंच झालं. पाहुणे गेल्यावर दोघांची जागा रिकामी राहिली, तिकडे ती सारखी बघत होती.

तरी येत्या रविवारी यावे. वहिनींना नमस्कार, छकुलीला आशीर्वाद.

तुमचा,
दत्तोबा

ता. क. – जाळीचं पुष्कळ झालं. तुम्ही चिलटांमुळे येत नाही असं नाही, हे मला सहा वर्षं माहीत आहे. छकुलीच्या लग्नात मला फेटा बांधायचा राहिला, म्हणून मी अक्षता पडताच न जेवता निघालो, सारजालाही भरल्या मांडवातून उठवलं. लेक सासरी धाडणाऱ्या बापाकडून मी त्या दिवशी मान मागत होतो. परवा होडीत उघड्या डोक्याने बसलो होतो, वरून ती पाखरं गेली, आणि माझी मलाच शरम वाटली. चूक माझी. मला माफ करा.

ता. क. दुसरा – वरचं सारजाला दाखवणार नव्हतो. पाकिटाला डिंक मागितला, तर तिनेच विचारलं, ‘फेट्याचं लिवलं का?’ मी हो म्हणालो. ‘मग जाळी कामाला आली. दादा चिलटाला कवा भ्यालाय? तुमाला लिवायला कायतरी निमित्त पायजे हुतं.’ एवढं बोलून ती भाकरी थापायला गेली. मी अजून डिंक हातात घेऊन बसलो आहे.

ता. क. तिसरा – बारामतीहून दोन फेटे आणलेत. पहिला तुमच्या डोक्याला, माझ्या हाताने. मला बांधता येत नाही, त्यामुळे जरा लवकर निघा.