कारणाचा रकाना

३ जून
डॉक्टरीणबाई आज रेकॉर्ड रूममध्ये स्वतः आल्या. चक्क धुळीत बसल्या! त्या जहाल कीटकनाशकावर सरकारनं बंदी घालावी म्हणून तीन वर्षं झगडताहेत. आता समितीपुढे सुनावणी आहे, त्यासाठी आपल्या दवाखान्यातले दहा वर्षांतले त्या विषाचे मृत्यू मोजून हवेत. "ताई, विषबाधेच्या वॉर्डात मीच दोनशे तरी पाहिलेत." दहाही रजिस्टरं काढून ठेवली.

४ जून
अकरा. दोनदा मोजले — अकराच!

बाकी सगळे 'हृदयक्रिया बंद पडून'. अक्षर माझं. मोठे डॉक्टर मृत्यूच्या दाखल्यावर आधी सही ठोकायचे आणि कारणाचा रकाना माझ्यावर सोडायचे. विष लिहिलं की पोलीस, शवविच्छेदन, दोन-दोन दिवस देह मिळत नाही. बाहेर घरचे रडत उभे. मग मी हृदय लिहायची. लोक दुवा द्यायचे. मोठी पुण्यवान मी!

५ जून
बाईंना आकडा दिला. अक्षर कुणाचं ते नाही सांगितलं.

११ जून
सुनावणी झाली. अध्यक्ष म्हणे, "दहा वर्षांत अकरा? जिन्यावरून पडून जास्त मरतात." कंपनीचा वकील हसला. अर्ज फेटाळला.

 परतताना गाडीत मीच बाईंपुढे सगळं ओकून टाकलं.  "एका घरानं जरी लिहून दिलं की कारण चुकीचं होतं, तर पुन्हा अर्ज करता येईल," एवढंच म्हणाल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१४ जून
दोन वर्षांपूर्वी फवारणी करून आलेला एकजण वॉर्डात दगावला होता. त्याच्या घरी गेले. बायकोनं लगेच ओळखलं. "ताई, तुमच्यामुळे देह त्याच दिवशी मिळाला." खुर्ची दिली, पाणी दिलं. दीर अंगणात फवारणीचा पंप धूत होता, उघड्या हातांनी. शेजारी बाटली त्याच औषधाची!

"आमच्यात हृदयाचं आहे ना," तो म्हणाला, "म्हणून मी मीठ सोडलंय. रोज चालतो. दादासारखं नको व्हायला!"

हसत सांगत होता.  खरं सांगितलं तर ही बाई तोंडावर थुंकेल, नोकरी जाईल — डोक्यात दुसरं काही नाही. "हातमोजे घालत जा," म्हटलं आणि उठले. भित्री, भित्री, भित्री!

१५ जून
उद्या जाईन.

१७ जून
उद्या नक्की. बाईंनी विचारलं, "गेला होतात?" म्हटलं, घरी कुणी नव्हतं.

२२ जून
दीर गेला. दुपारी. त्याची भावजय माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. "भावजींचंही हृदयच का हो, ताई?"

"नाही. औषध. तुमच्या यजमानांचंही तेच."

 ती म्हणाली, "मग त्या दिवशी आला होतात ते कशाला?"