श्वास धरणारं घर

१६ नोव्हें.
वडशाला परत पोचले. तारकर्लीची वाळू अजून बॅगेत. स्कूबाचा कोर्स अर्धाच राहिला. खाली सगळं छान होतं, वर येताना मी श्वास धरला. एकदा नाही, दोनदा. ट्रेनर सुहास होडीत ओरडला, "श्वास कित्याक धरतंस? वर येताना हवा फुगता, फुप्फुस फाटतला! परत धरलंस तर उतरवूचंय नाय." बरोबरच आहे त्याचं. पण आम्ही ढिवर, तलावातले मासेमार. जाळं तलावात खुंटाला अडकलं की बुडी मारून सोडवायचं, ते श्वास धरूनच. बाबांनी मला बाराखडीच्या आधी तेच शिकवलं. जानेवारीत शेवटची संधी. ती गेली की समुद्र संपला.

२१ नोव्हें.
वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता थांबले. हिरवा उजेड. माशांचा थवा अंगाजवळून गेला, मी नसल्यासारखा. अंगाला वजन नाही, कुणाची हाक नाही, फक्त आपलाच श्वास... "मॅडम, झोपल्या का?" पोरं हसली. मीही.

२४ नोव्हें. रवि.
बाबांना सगळं सांगितलं. जाळं विणत होते. "पान्यात श्वास घेते? मासोळी हायेस का तू?" मग हातातली गाठ अर्धीच सोडली. "मंग आमी जलमभर काऊन नाक दाबून राह्यलो?"

१ डिसें. रवि.
गावच्या तलावात सराव. चष्मा लावून तोंड पाण्यात, तोंडात श्वासाची नळी, बाबा शेजारी डोंग्यात. नळीचा आवाज थांबला की त्यांनी वल्ह्यानं पाणी थोपटायचं, असं ठरलं. आज वल्हं थांबलंच नाही. काठावरच्या बाया म्हणाल्या, "मास्तरीन का शोधून राह्यली?" चिडले. घरी येऊन रडलेही थोडी.

२२ डिसें. रवि.
वल्हं एकदाही वाजलं नाही! खाली कमळाचे देठ, गढूळ सोनेरी ऊन, लोहाराच्या भात्यासारखा माझा श्वास. आत, बाहेर. किती वेळ गेला कळलंच नाही. वर आले तर बाबांचं तोंड लाल. "तू आत गेली का माहाच श्वास अटकते व," म्हणाले. आधी हसू आलं. मग त्यांच्या हातातलं वल्हं मी घेतलं.

११ जाने.
तारकर्ली. रजेचं कारण 'घरगुती'. खोटं कुठे आहे, बाबाही आलेत. पहिल्यांदाच समुद्र. वाळूत उभे राहून खूप वेळ बघत होते. "याचा तिकडचा काठ कुठी हाय?" इथून दिसत नाही, म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

१२ जाने.
जमलं. वर येताना सुहास समोर, नजर माझ्या बुडबुड्यांवर. घाई नाही. बुडबुडे माझ्या आधी वर जात होते, उजेडाकडे, आणि मी मागून, जाग येताना माणूस वर येतो तशी. असं सुख मला माहीत नव्हतं.
होडीत चढले तर बाबा सदरा काढून बसलेले. "मले भी उतरव." त्यांची छाती गेल्या वर्षी तपासून घेतली आहे, ठीक आहे. तरी मी घाबरले.
सुहासनं त्यांना सगळं समजावलं, तोंडात नळी दिली. "काका, श्वास धरूचो नाय हां. जमतला?"
बाबा पाण्यात पाय सोडून बसले. मान हलवली. छाती मात्र गच्च भरलेली, खांदे वर चढलेले. सुहास माझ्याकडे बघतोय.
मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "सोडा, बाबा."