बोरिक पावडरचा डबा

आई, आज शेजारची सून विचारायला आली होती. बाळाच्या मांड्या लालभडक झाल्यात, बोरिक पावडर लावू का, पूर्वी सगळे लावायचे म्हणे. मी म्हटलं, अजिबात नको. कोमट पाण्यानं पूस, मऊ फडक्यानं कोरडं कर आणि दोन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरांना दाखव. ती गेली आणि मी हे लिहायला बसले. तू गेलीस तिथं पत्र टाकायला पेटी नाही, ठाऊक आहे.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. मी सांगलीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आणि तू मलकापुरात घरोघरी बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालतेस. पायांवर पालथं घातलेलं पोर तुझ्या हाताखाली रडायचं थांबतं. त्या कामात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. दिवाळीला मी तुझ्यासाठी बोरिक पावडरचा डबा आणला. वॉर्डात तिच्या पाण्यानं डोळे धुवायचे, होस्टेलात आम्ही तीच कॅरमवर टाकायचो. डोळ्यांना चालते ती कातडीला काय करणार, असं माझं अर्धवट शहाणपण. तू चिमूट बोटांत चोळलीस आणि म्हणालीस, "लय मऊ हाय गं." तेव्हापासून डबा तुझ्या पिशवीत असायचा.

उन्हाळ्यात आमच्या बाईंनी वर्गात सांगितलं, सोललेल्या कातडीतून बोरिक अंगात उतरतं आणि तान्ह्या पोराला विषासारखं बाधतं. मला तुझी पिशवी आठवली. त्याच दिवशी तुला कार्ड टाकायला हवं होतं. परीक्षा होती, आठवड्यानं घरी जाणारच होते, म्हणून राहिलं.

आले तर तू उसाच्या मळ्यातल्या मोठ्या घरी गेलेली. तशीच तिकडं आले. दीड महिन्याचं पोर, बाप फौजेत, त्यानं अजून तोंडही पाहिलेलं नव्हतं. दोन दिवस ते दूध ओकत होतं, अंग लाल, मान टाकलेली. तू सोललेल्या जांघेत पावडर लावत होतीस. मी डबा हिसकावला आणि सगळ्यांदेखत ओरडले, "विष हाय हे! कुणी सांगितलं तुला लावायला?"

तू माझ्याकडं बघितलंस. पोराच्या आजीनं विचारलं, "आवं, ही पावडर आणली कुठनं?"

"बाजारातनं घेतली म्या," तू म्हणालीस. "चुकलं माजं."

मी गप्प बसले. पोराला जीपमधून कराडला दवाखान्यात नेलं, तीन दिवसांनी ते दूध प्यायला लागलं. वाचलं. पण त्या घरानं तुला परत बोलावलं नाही, आणि हळूहळू इतरांनीही नाही. परतताना बांधावर तू एवढंच बोललीस, "तुजं शिक्षण व्हायचं हाय अजून. माजं काय, झालंच की." मला तुझा रागच आला होता. इतक्या सहज मला वाचवलंस, म्हणून.

पुढं मी स्वतः शिकवायला लागले. हा धडा आला की दरवर्षी मुलींना तो प्रसंग सांगायचे. न शिकलेली एक बाई होती, तिनं बाजारातनं डबा आणला, असं. ती बाई माझी आई होती, हेसुद्धा मी कधी सांगितलं नाही.