पायांच्या जागी शून्य

सोमवार, ३ मार्च १९९७

१. सकाळच्या बैठकीत सुधींद्र सरांनी आमच्या अभ्यासातल्या रुग्णांचे दोन वर्षांनंतरचे एक्स-रे लावले.
२. संधिवातात ज्यांचे सांधे झपाट्यानं झिजणार नाहीत असं माझ्या सूत्रानं सांगितलं होतं, त्यांतल्या सहा बायकांचे झिजले.
३. त्यांपैकी पाच जणींबद्दल डॉ. यशश्रीनं वर्षापूर्वीच शंका घेतली होती.
४. सर मला म्हणाले, "ती काय बघते, विचारून घे."
५. मी चहा घेतला नाही.

संख्याशास्त्रात मी विद्यापीठात पहिली. यशश्री दीड वर्षापूर्वी पुण्याहून इथे आली, कन्नड अजून मोडकंतोडकं — आणि सगळा विभाग तिला अक्का म्हणतो. मला मॅडम.

४ मार्च

विचारलं नाही. सूत्र पुन्हा चालवलं. सुजलेले सांधे, रक्तातले ईएसआर आणि रुमॅटॉइड फॅक्टर, हातापायांचे एक्स-रे. बेरीज बरोबर आहे.

६ मार्च

आईला तपासणीला नेलं. ती वर्षभर सरांची रुग्ण आहे. माझ्या सूत्रानं तिला 'सावकाश' ठरवलं, म्हणून मेथोट्रेक्सेटसारखं जालीम औषध लांबणीवर टाकलं, सौम्य गोळ्या चालू.

मी केसपेपर काढून येईपर्यंत यशश्री बाकावर तिच्या शेजारी बसलेली. आई तिला सांगत होती — सकाळी जमिनीवर पाय ठेवला की खडे टोचल्यासारखं होतं. मला वर्षभर नुसतं "स्वल्प दुखतंय"!

रिक्षात विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"तू आकडा विचारतेस गं. शून्य ते दहा. मला काय ठाऊक किती!"

यशश्रीचा मत्सर वाटतो. इथे लिहायला हरकत नाही.

८ मार्च

शेवटी विचारलं. तिनं मान वर न करता उत्तर दिलं, "पाय बघते." मग मला एक्स-रेच्या खोलीत घेऊन गेली.

अंगावरचा धातू काढल्याशिवाय फिल्म घ्यायची नाही, हा आमच्या अभ्यासाचा नियम. मीच लिहिला, सावली पडू नये म्हणून. सवाष्णी जोडवी काढत नाहीत. मग तंत्रज्ञ पाय सोडून देतो, रकाना रिकामा राहतो. आणि रिकाम्या रकान्याला मी शून्य धरलं. शून्य म्हणजे झीज नाही! न बघितलेले पाय माझ्या हिशेबात निरोगी. या रोगात झीज पुष्कळदा पायाच्या करंगळीच्या मुळाशी आधी दिसते, हे मला पाठ आहे.

परत येऊन तपासलं. सहाही जणींच्या पायांच्या जागी शून्य.

यशश्री काय करते? आधी बोटाला हळदीचा दोरा बांधते, मग जोडवी उतरवते. बोट मोकळं राहत नाही. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली एक बाई आली होती, ती तर हसत पाय पुढे करून बसली.

"आत्याची युक्ती," यशश्री म्हणाली. "शास्त्रात बसते का, ते तू सांग."

त्या दोऱ्याचा मला राग आला. इतकी साधी गोष्ट, आणि तीही तिची.

९ मार्च, रविवार

आईचे आकडे माझ्याकडे आहेत. पाय — ०.

दोऱ्याला हळद लावून तिच्यापुढे बसले. तिनं पाय साडीत ओढून घेतले. "तुझे अप्पा धडधाकट आहेत ना? मग हे कशाला?" दोरा कशासाठी ते सांगितलं. झीज सांगितली, टक्केवारीसकट. ती उठून स्वयंपाकघरात गेली — भिंतीला धरून, पावलांच्या कडांवर.

१० मार्च

यशश्रीच्या टेबलावर ठेवलेली चिठ्ठी उतरवून ठेवते.

"यशश्री,
माझ्या आईच्या पायांची फिल्म कधीच झालेली नाही. माझं सूत्र तिच्यासाठी धरू नये, असं सरांना आज सांगितलं. ती माझ्या हातून दोरा बांधून घेत नाही. तुझ्या हातून घेईल. गुरुवारी तिला आणते. मी बाहेर थांबेन. जमेल का, ते बुधवार संध्याकाळपर्यंत कळव."