वलंदेजांच्या वकिलाची सनद

प्रति,
मा. नाट्यप्रयोग परवाना अधिकारी,
सोलापूर.

विषय : 'वलंदेज वकील' या नाटकातील वकिलाची सनद नाटकाआधी सादर करता येत नसल्याबाबत.
संदर्भ : 'श्री. वकील वलंदेज' यांच्या नावे आलेले आपले पत्र.

महोदय,

१. वरील पत्र आमच्या मंडळास पोचले. वलंदेज हे कोणाचे आडनाव नाही. डच लोकांना आपले जुने लोक वलंदेज म्हणत. सन १६१२ मध्ये त्यांच्या वकिलाने, म्हणजे राजदूताने, इस्तंबूलला तुर्की सुलतानाकडून व्यापाराची सनद मिळवली. एवढीच आमच्या नाटकाची गोष्ट. त्यात कोर्ट नाही, काळा कोट नाही.

२. घोटाळा घरातूनच सुरू झाला, हे मान्य. वकिलाचे काम करणारे श्री. भीमाशंकर बिराजदार आमच्याकडे आजवर नुसता भाला धरून उभे राहत. तोंड उघडायचे काम पहिल्यांदाच मिळाले म्हणून 'मी वकील झालो' असे ओरडतच ते घरी गेले. त्यांच्या आई चन्नम्मा यांनी सबंध कुंभारी गावात पेढे वाटले. "माजा पोरगा वकील झाला की, आता कुनाला भ्यायचं न्हाय," असे त्या सांगत सुटल्या. दुसऱ्या दिवशी बांधावरून भांडणारे दोन भाऊ तालमीत हजर. पाठोपाठ केराबाई म्हशीसकट आल्या. म्हैस कोणाची याचा निकाल त्यांना तिथल्या तिथे हवा होता. भीमाशंकर वलंदेजी टोपी घालूनच समजूत काढू लागले, तर टोपी पाहून हा वकील लई मोठा हाय अशी लोकांची खात्री झाली. त्यात भावांचे भांडण खरोखरच मिटले, तेच नडले. हा सनदेशिवाय वकिली करतो, अशी कोणीतरी आपल्याकडे तक्रार केली.

३. आपण म्हणता, आधी वकिलाची सनद दाखवा, मग परवाना. महोदय, ती त्याला तिसऱ्या अंकात मिळते. पहिले दोन अंक तो सुलतानाच्या दारात ताटकळतो, जसे आम्ही आपल्या बाहेरच्या बाकावर. प्रयोग नाही तर तिसरा अंक नाही, आणि तिसरा अंक नाही तर सनद नाही. आधी कळस मग पाया, असे कसे बांधावे?

४. नुसता तिसरा अंक आपल्यासमोर करावा असे ठरले होते. परंतु सुलतान झालेले हिंदुराव, एवढ्या मोठ्या गादीवर बसून आपल्याला एकच शब्द, म्हणून रुसून कुर्डुवाडीला बहिणीकडे गेले.

५. शनिवारी चन्नम्मा पहिल्या रांगेत बसणार आहेत. मुलगा कोर्टातला वकील नाही हे त्यांना आता कळले आहे. "नसू दे, बोलतोय तर की," एवढेच त्या म्हणाल्या. त्या बाईसमोर पडदा बंद राहिला तर आम्हा सर्वांना फार वाईट वाटेल.

तरी सुलतानाची जागा आपणच घ्यावी. उद्या आम्ही सोलापुरी चादर टाकलेली खुर्ची आणि वकील घेऊन येतो. पाठांतराचा त्रास नाही. सुलतानाचा तो एकच शब्द 'मंजूर' असा आहे, आणि आपण तो या अर्जावर लिहिला तरी तिसरा अंक पुरा होतो.

आपल्या दरबारी ताटकळलेला नम्र,
शिवयोगी कलशेट्टी
चिटणीस, हौशी नाट्य मंडळ, सोलापूर
दि. २१ नोव्हेंबर १९७४

सोबत : सनद (कोरी; सहीची जागा सोडली आहे).