बिनगाठीची शिवण

३ सप्टेंबर, कोचकोर
दुपारी पोचले. शिवणखोली छान आहे: जुन्या शाळेचा वर्ग, उत्तरेला तीन खिडक्या, त्यामुळे कापडाचा रंग दिवसभर खरा दिसतो. वाफेची इस्त्री चांगली, कापणीचं टेबल लांबलचक. एका मालिकेची सगळी वेशभूषा पहिल्यांदाच माझ्याकडे आली आहे. चाळीस वर्षं चित्रपटांचे कपडे शिवणाऱ्या झूराकान एजे, म्हणजे आमच्या थोरल्या ताई, माझ्या हाताखाली. त्यांना याची गंमत वाटते. पोरी, पदवी खणात ठेव आणि आधी खाऊन घे, म्हणाल्या आणि गरम बोरसोक, तळलेले कणकेचे गोळे, पुढे केले. नोंदणीच्या कागदावर ‘काही झाल्यास कोणाला कळवावे’ असा रकाना होता. मी रिकामा ठेवला. एजेंनी तो पाहिला आणि आणखी दोन बोरसोक वाढले.

६ सप्टेंबर
परवा अंत्यविधीचा प्रसंग. अंगणात नमद्याचा गोल तंबू उभा राहिला. नायिका पेरिझात कफनाची मापं देईना. माझी दोन लेकरं लहान आहेत, ती टेप माझ्या अंगाला लावायची नाही, म्हणाली. दिग्दर्शक तिलेक बाइके वैतागले: तू तिच्याएवढीच आहेस ना, मग स्वतःवर बेत. दोघीही एकशे अडुसष्ट सेंटिमीटर. माझ्या मापाने कापलं.
खऱ्या कफनाच्या दोऱ्याला गाठ नसते. म्हणून खोट्याला एक तरी मारायचीच, असं एजेंचं म्हणणं. मी म्हटलं, कॅमेरा जवळ येणार, गाठ दिसेल. दिसायलाच हवी, एजे म्हणाल्या, पण कॅमेऱ्याला नाही.
मी बिनगाठीचं शिवलं. शिवण अगदी सरळ आली. एजे खिडकीकडे तोंड करून चहा पीत राहिल्या.

८ सप्टेंबर
पेरिझातने ऐन वेळी कफन अंगाला लावू दिलं नाही. उशांना गुंडाळून भागवलं. तंबूत तिघी बायका भिंतीकडे तोंड करून कोशोक म्हणाल्या, म्हणजे मेलेल्याचं आयुष्य सांगत रडणं. तिघींचे काळे कोट मीच शिवलेले.
उद्या सगळे आठ दिवसांसाठी वरच्या कुरणांवर जातील. माझे हिवाळी कोट राहिलेत, मी थांबते. एकटेपणाची मला सवय आहे.

१० सप्टेंबर
सकाळी दहाला तंबूतून कोशोक. आवाजवाल्यांचं यंत्र चालू राहिलं असेल, असं वाटलं. तंबू रिकामा होता. परत खोलीत आले तर पुन्हा सुरू, आता शब्दही कळले: उंच होती, डावखुरी होती, परक्यांच्या अंगाची मापं घेत जगली.
मी डावखुरी आहे.

११ सप्टेंबर
आज दार उघडं होतं. आत पाठमोरी बाई, काळ्या कोटात. कपाटात कोट मोजले. तिन्ही जागच्या जागी.

१२ सप्टेंबर
इस्त्रीच्या तव्याला बोट लागलं. चटका बसला नाही. फोडही नाही.
एजेंना फोन लागला, सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत, त्याचीच भीती वाटली. कफनाची शिवण थोडी उसव, दोरा ओव, गाठ मार, आजच. आणि कोशोक शेवटपर्यंत ऐकू नकोस. तो संपला की बाईचं काम झालं, आणि तुझंही.
तीनदा प्रयत्न केला. दोरा बोटांना कळत नाही.

१३ सप्टेंबर
नऊ वर्षांची असताना निळ्या स्वेटरची बाही मी स्वतः रफू केली होती, कोणी विचारू नये म्हणून. तिने आज तेही सांगितलं. रडत सांगितलं.
हे कोणालाच माहीत नव्हतं —
कानात कापूस घातला. मग काढला.

१४ सप्टेंबर
कफन मांडीवर. सुईत दोरा आहे. फास तयार आहे, फक्त ओढायचा.
हिवाळी कोट, वसतिगृहातलं बालपण, रिकामा रकाना — सगळं सांगून झालं तिचं. थोडंच उरलंय. माझ्यासाठी इतकं कोणी —
एवढंच ऐकते. मग ओढते.
आता ती वळून माझं नाव