व्हेरी गुड आजी

मंगळ. ८ जुलै
जप झाला. दूध १ लि. दळण टाकलं.
पुण्याहून व्हिडिओ कॉल. प्रशांत ऑफिसला, सूनबाई स्वयंपाकात, म्हणून इराच बोलली. नात आठ वर्षांची, पण इंग्रजी असं की आपण नुसतं तोंड बघावं. चित्र दाखवलं, मी व्हेरी गुड म्हटलं. नवे बूट, व्हेरी गुड. दात पडला म्हणाली, तरी माझ्या तोंडून तेच. हसत सुटली. मैत्रिणींना सांगते म्हणे, मला दोन आज्या आहेत, जळगावची व्हेरी गुड आजी आणि धुळ्याची वॉव आजी.
धुळ्याची म्हणजे सूनबाई मृणालची आई. बँकेत होत्या.
मी पण हसले. फोन ठेवला तर तव्यावरची भाकरी करपलेली.

गुरु. १० जुलै, गुरुपौर्णिमा
घरच्या ग्रुपवर इराचा नाचाचा फोटो. मी आधी लिहिलं, व्हेरी नाईस. विहीणबाईंनी मागून लिहिलं, ॲब्सोल्यूटली स्टनिंग, सो सो प्राउड. इराने त्यांना बदामांची रांग पाठवली. माझ्याखाली एक अंगठा, तोही मृणालचा.
त्यांचं हे नेहमीचंच. आमरस इनक्रेडिबली, ऊन टेरिबली. शब्द असे उधळतात की जसे फुकट मिळतात. आमच्याकडे भाजीची देठंसुद्धा पिठल्यात जातात.
देवापुढे बसून मत्सर करू नये. केला.

सोम. १४ जुलै
समोरच्या कापडवाल्या मारवाड्यांची सून कोमल इंग्रजीत एम.ए. आहे. दुपारी नागलीचे पापड घेऊन गेले. जरा इकडचं तिकडचं बोलून विचारलं, व्हेरीच्या वर काय असतं गं?
म्हणाली, काकू, रिअली आहे, एक्स्ट्रीमली आहे, इनक्रेडिबली आहे. पण ॲब्सोल्यूटली गुड म्हणत नाहीत. गुडमध्ये अजून जागा असते, म्हणून त्याला व्हेरी चालतं. परफेक्ट, स्टनिंग हे आधीच काठोकाठ भरलेले, त्यांना ॲब्सोल्यूटली.
हे पटलं. शिगोशीग डब्यात आपण वरून ओततो का? नुसतं झाकण लावतो. आणि टेरिबली म्हणजे भयंकर, पण चांगल्यालाही लावतात. आपण आंबा भयंकर गोड म्हणतो तसंच.
मॅट्रिकला हे काही नव्हतं. गाय आणि पोस्टमनचे निबंध, एवढंच होतं.
घरी येऊन घोकत बसले तर हे म्हणाले, "तुले काय करनं शे इंग्रजीनं? पोर बठ्ठास्नी शे." सगळ्यांची आहे तर बदाम एकीलाच का?

शनि. १९ जुलै
इराने मातीचा हत्ती दाखवला. मी तयारच होते. म्हटलं, "एक्स्ट्रीमली ब्युटिफुल."
हत्ती खाली ठेवला.
"आजी, तू वॉव आजीसारखं का बोलतेस?"
रेंज गेली म्हणून फोन बंद केला. रेंज होती.

बुध. २३ जुलै
उपवास नाही, पण जेवण गेलं नाही.
प्रशांतचा फोन. इराच्या शाळेत २२ ऑगस्टला आजी-आजोबा दिवस. एका मुलामागे एकच माणूस. स्टेजवर जाऊन नातवंडाबद्दल इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची. म्हणाला, आई, तुम्ही दोघी विहिणी ठरवा, आम्हाला मध्ये घेऊ नका. इराला विचारलं तर म्हणे दोघी या.
म्हणजे धुळ्याच्या जाणार. सगळे तेच धरून चाललेत, हे पण.
मला जायचंय. इथे तरी लिहून ठेवते.

शनि. २ ऑगस्ट
उद्या घरात कानबाई देवी बसणार. चौरंग घासला. गिलकी, गंगाफळ, नारळ आणले. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू वेगळे दळले. पुण्याची तिघं आली. मृणालने आईलाही बोलावलंय. त्यांच्याकडची कानबाई व्याही गेल्यापासून दिरांकडे नाशिकला बसते, तिकडे त्या जात नाहीत. या म्हटलं. नाही कसं म्हणणार?

रवि. ३ ऑगस्ट
स्थापना छान झाली. विहीणबाईंनी आरास बघून ॲब्सोल्यूटली डिव्हाईन म्हटलं. इरा त्यांच्याच पदराला धरून.
नैवेद्यानंतर रोट वाटला. इराने आपल्यातला अर्धा तोडून विहीणबाईंपुढे धरला. रोट कुळाबाहेर जात नाही हे पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं. मीच पुढे होऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आत कुठेतरी बरं वाटलं, एक तरी गोष्ट आहे जी वॉव आजीला नाही. कानबाई समोर बसलेली, आणि मला हे वाटलं.
त्यांनी इराची मूठ बंद केली. "नको बेटा. तुमच्या घरचा मला चालत नाही, आमच्या घरचा तुला."
"व्हाय?"
विहीणबाईंना काही सुचलं नाही. इंग्रजीतही नाही.

सोम. ४ ऑगस्ट
विसर्जन. तळ्यावरून परतताना पोरं पुढे गेली, विहीणबाई माझ्याबरोबर चालत होत्या. आपणहून बोलल्या. धुळ्याला कानबाई बसायची तेव्हा इरा दोन वर्षांची. रोटाकडे हात करायची, आणि त्या ताट उचलून आत न्यायच्या. पुढच्या वर्षी मृणालने इथला फोटो पाठवला, इरा माझ्या मांडीवर बसून रोट खातेय.
"विहीणबाई, तुमचा फार हेवा वाटायचा."
नुसतं फार. मागे पुढे काही नाही.
मग म्हणाल्या, "फोनवर मी जोर लावून बोलते ना, ते त्यामुळेच. माझ्या हातात दुसरं काय आहे?"
माझाही हेवा मी तिथेच सांगू शकले असते. त्याऐवजी म्हटलं, गिलक्याची भजी उरलीत, डब्यात देते, गाडीत खा.

गुरु. ७ ऑगस्ट
सगळे गेले. घर मोठं वाटतंय. रोट अजून पुरतोय, दुधाशी आम्ही दोघं खातो.
प्रशांत म्हणाला, शाळेत उद्या नाव द्यायचंय. विहीणबाईंचा मेसेज, मराठीत. तुम्ही सांगाल ते.
कोमलने दोन वाक्यं बसवून दिलीत. पाठ आहेत. त्यात व्हेरी एकदाच, तेही मीच ठेवायला लावलं. पहिल्यांदा वाटतंय की जमेल.
जपात मात्र सारखी ती मूठ दिसते, इराची, त्यांच्या हातात बंद केलेली. मग लगेच त्या स्टेजवर दिसतात, सो सो प्राउड म्हणताना, आणि खाली बसून टाळ्या वाजवणारी इरा. की परत मत्सर, आणि माळ चुकते.
हे लिहून झालं की धुळ्याला फोन लावणार. त्यांनी हॅलो म्हटल्यावर माझ्या तोंडून कुणाचं नाव निघेल, आत्ता मला सांगता येत नाही.